काकू, आधी कुंपण खाली आणू, मशीनचं मागनं बघू

कोल्हापुरातल्या आर. के. नगरातनं एका काकूंचं पत्र आलंय, आधी ते थोडक्यात सांगतो. घराला पुढून साधारण ३० फूट मेंदीचं कुंपण, बाजूनं २० फूट पिवळ्या ड्युरांटाचं, आणि कोपऱ्यावर एक बोगनवेल. एक माळीमामा बरीच वर्षं कात्रीनं छाटून जायचे, ते आता कायमचे गावी गेलेत आणि कुंपण वाढत वाढत ७ फुटांवर पोचलंय. काका ६७ वर्षांचे, उजवा खांदा आखडलेला, डॉक्टरांनी हात वर करायची कामं बंद सांगितलीत. काकू ६१ च्या, बागेचं सगळं त्याच बघतात. कुंपण छाटायचं मशीन, म्हणजे हेज ट्रिमर, घ्यायचं नक्की झालंय, बजेट १० हजार, पण घरात तीन मतं पडलीत. काका म्हणतात घ्यायचं तर पेट्रोलचंच, दमदार. मुलगा पुण्यातनं फोनवर बॅटरीची मशीनं दाखवतोय, ऑनलाइन, निम्म्या किमतीतली. आणि पुतण्या म्हणतो कशाला खर्च करताय, माझ्या शेतावरचा ग्रास कटर आहे, त्यालाच पुढं छाटणीची पाती जोडून देतो. शेवटी काकूंनी लिहिलंय, "मला चालवता येईल असं कुठलं, तेवढं सांग बाबा."

काकू, तुमचं हे शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. कारण घरातली तिघंही मशीनविषयी बोलतायत आणि ती मशीन ज्याच्या हातात राहणार आहे त्या हातांविषयी कुणीच बोलत नाहीये. माझ्या वडिलांचं उद्यमनगरात वर्कशॉप होतं, लहानपणापासनं मशीनं बघत आलोय, आणि तिथं एक गोष्ट पक्की डोक्यात बसली की मशीन आधी कामाच्या मापाची पाहिजे आणि मग माणसाच्या मापाची, जोर किती ते सगळ्यात शेवटी. म्हणून मी आधी तुमच्या कुंपणाकडंच येतो.

७ फुटांचं कुंपण ही खरी अडचण आहे, मशीन नाही. ७ फुटांवरचा माथा छाटायचा म्हणजे हात डोक्याच्या वर, नाहीतर स्टुलावर चढा, आणि दोन्ही हातांत चालू मशीन असताना स्टुलावर तोल गेला तर धरायला हात मोकळा नसतो. हे मी तुम्हाला करू देणार नाही, काकांना तर अजिबात नाही. लांब दांड्याची पोल वाली मशीनं मिळतात ती याच कामासाठी, पण त्यांचं सगळं वजन पुढच्या टोकाला असतं आणि दहा मिनिटांत खांदे भरून येतात. त्यापेक्षा सोपा मार्ग आहे. एकदाच, पावसाळ्याच्या तोंडावर, कुणीतरी हातकरवत आणि कोयता चालवणारा माणूस एका दिवसासाठी लावा आणि सगळं कुंपण ४ फुटांवर आणून ठेवा. मेंदी असं कापणं उत्तम सोसते, जुन्या खोडावरनं पण फुटते, ड्युरांटाचं पण तसंच. जूनमध्ये चांगला वळीव झाला, नाहीतर मृगाचे एकदोन पाऊस झाले की लगेच कापून घ्या, म्हणजे पुढं पावसाचं पाणी आयतं मिळतं आणि फुटवा जोरात येतो. आता वैशाखाच्या उन्हात एवढं खोल कापू नका, उघडी पडलेली खोडं भाजतात.

कापल्यावर पंधरा-वीस दिवस ते कुंपण बघवत नाही हे आधीच सांगून ठेवतो, नुसते खुंट दिसतात आणि शेजारी येऊन विचारतात की काय केलंत हो हे. घाबरू नका. जुन्या कुंपणाचं बूड पोकळ झालेलं असतं, सगळी पानं वर आणि खाली नुसत्या काटक्या, तुमचं पण तसंच झालेलं असणार, आणि एवढं खाली आणल्याशिवाय ते बूड परत भरत नाही. ४ फुटांवर कापलं की वरचा अर्धा फूट नव्या फुटव्याला ठेवायचा, म्हणजे कायमची उंची साडेचार फूट. सोप्यात बसलेलं माणूस रस्त्यावरनं दिसत नाही एवढा आडोसा त्यानं होतो, आणि तुमचे हात डोक्याच्या वर जात नाहीत. हे एक झालं की मग मोठी मशीन लागतच नाही, आणि तुमचा निम्मा प्रश्न तिथंच सुटतो.

आता काकांच्या पेट्रोलकडं. काकांना राग येईल पण सांगतो. पेट्रोलची मशीन वाईट नसते, विद्यापीठाच्या आवारासारखं मोठं मैदान असेल, शे-दोनशे मीटर कुंपण असेल, लाईटचा पॉइंट कुठं जवळ नसेल, तिथं तीच लागते. पण तिचं वजन साधारण ५ किलो, टाकी भरली की आणखी थोडं. घरात गोडेतेलाचा ५ लिटरचा कॅन असेल बघा, तो भरलेला साधारण साडेचार किलोचा होतो. तो दोन्ही हातांनी छातीसमोर धरून घड्याळात पाच मिनिटं उभं राहा. हे मी थट्टेनं सांगत नाहीये, दुकानात मशीन उचलून बघितली की हलकीच वाटते कारण आपण ती अर्धा मिनिट धरतो, छाटणी पाऊण तास चालते. शिवाय पेट्रोलचं मशीन रस्सी ओढून चालू करायचं असतं, आणि ती रस्सी झटक्यात ओढायची म्हणजे सगळा ताण खांद्यावरच येतो, ज्या खांद्यासाठी डॉक्टरांनी सांगितलंय नेमक्या त्याच खांद्यावर.

आणि असल्या मशीनचं इंजिन बहुतेक टू-स्ट्रोक असतं, म्हणजे पेट्रोलमध्ये ऑइल मिसळणं आलं. मशीनच्या पुस्तकात ५० ला १ लिहिलं असेल तर लिटरला २० मिली, २५ ला १ असेल तर ४० मिली, आणि एकदा जरी विसरून नुसतं पेट्रोल घातलं तर पिस्टन जाम होऊन इंजिनचा खर्च निघतो. त्यात आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा ओढतं, आणि आपल्याकडं जुलै-ऑगस्टची हवा कशी असते ते तुम्हाला सांगायला नको. आमच्या मामांच्या पन्हाळ्याकडच्या शेतघरात एक असंच मशीन जूनमध्ये टाकीत पेट्रोल ठेवून माळ्यावर टाकलेलं, दसऱ्याला काढलं तर काही केल्या चालू होईना, कार्बोरेटर आतनं चिकटलेला, खोलून साफ करण्यात दोन चकरा आणि पैसे गेले. ज्याला रोज वापरायचंय त्याला हे सगळं अंगवळणी पडतं. वर्षातनं सात-आठ वेळा पाऊण तास वापरणाऱ्याला नाही पडत.

पुतण्याच्या ग्रास कटरविषयी पण तेच, फक्त जास्त. काही ग्रास कटरला पुढं छाटणीची पाती जोडता येतात हे खरं आहे, पण ते मशीन खांद्यावरनं पट्टा घेऊन खाली गवत कापायला बनवलेलं, एकूण वजन ७-८ किलोच्या घरात जातं, आणि पातं पार पुढच्या टोकाला. उसाच्या बांधावर त्याच्याइतकं कामाचं मशीन नाही, मेंदीच्या कुंपणाला ते नको. पुतण्याला म्हणावं, तुझा जीव आहे आमच्यावर, त्याऐवजी जूनमध्ये एक दिवस करवत घेऊन ये, खरी गरज तिथं आहे.

राहिली दोन, वायरची आणि बॅटरीची. इथं जरा निवांत बोलायला पाहिजे, कारण तुमची खरी निवड या दोघांतली आहे.

आधी एक समजून घेऊ की हे मशीन करतं काय. दोन लांब पाती एकमेकींवर ठेवलेली असतात, दोन्हीला दात, आणि ती एकमेकींवरनं मागंपुढं सरकतात, काही मशीनमध्ये दोन्ही, काहीत एकच, सलूनमध्ये केस कापायचं मशीन असतं ना, अगदी तेच, फक्त मोठं. मिनिटाला ३ हजारांच्या आसपास वेळा ती सरकतात. फांदी दोन दातांच्या मधल्या फटीत शिरली की कापली जाते, शिरली नाही तर मशीन नुसतं तिच्यावर थडथडत राहतं, मग वॅट कितीही असू देत. म्हणून डब्यावर सगळ्यात आधी वाचायचा तो आकडा वॅटचा नाही, दातांमधल्या फटीचा. घरगुती मशीनला ही फट बहुतेक १६ मिलिमीटरच्या आसपास असते, मोठ्यांना २० च्या वर. बॉशच्या काही मॉडेलच्या नावातच हे लिहिलेलं असतं, एएचएस ५०-१६ म्हणजे पातं ५० सेंटीमीटर आणि फट १६ मिलिमीटर, एवढं कळलं तरी दुकानदाराशी बोलताना बरं पडतं. आता घरातली शिसपेन्सिल घ्या, ती साधारण ७ मिलिमीटर जाड असते, आणि कुंपणाजवळ जाऊन यंदाच्या कोवळ्या फुटव्याला लावून बघा. मेंदीचा, ड्युरांटाचा दोनतीन महिन्यांचा फुटवा पेन्सिलीपेक्षा जाड नसतो. म्हणजे १६ ची फट तुम्हाला भरपूर झाली. अंगठ्याएवढी जाड फांदी मध्ये आली तर ती मशीननं कापायचीच नाही, तिच्यासाठी सिकेटर, म्हणजे छाटणीची छोटी कात्री, नाहीतर करवत. लोक तिथंच मशीन दाबत बसतात, दात वाकतात, आतले गिअर जातात, आणि मग मशीन फालतू म्हणून बोलतात.

पात्याची लांबी तुम्हाला ४५ ते ५० सेंटीमीटर बस. ६० चं घेतलं तर काम थोडं लवकर होतं पण पुढची बाजू जड होते आणि मनगट दुखतं, ५० फुटांच्या कुंपणाला त्या घाईची गरज नाही. वॅट ४०० ते ५०० पुरेत. वजन ३ किलोच्या आत किंवा फार तर सव्वातीन, हे मात्र सोडू नका, याच्यावर दुकानदार काहीही बोलला तरी. आणि दोन्ही पाती सरकणारं मशीन मिळालं तर तेच घ्या, कारण एकच पातं सरकत असेल तर हादरे जास्त बसतात आणि काम झाल्यावर बराच वेळ हाताला मुंग्या येत राहतात.

आता वायर की बॅटरी. वायरच्या मशीनचं चांगलं म्हणजे ते हलकं, त्याच्यात खराब होण्यासारखं कमी, आणि तुमच्या बजेटमध्ये नावाजलेल्या कंपनीचं बसतं. मोटारीतले कार्बन ब्रश काही वर्षांनी झिजतात, ते उद्यमनगरात मोटार रिवाइंडिंगवाल्याकडं अर्ध्या तासात बदलून मिळतात. धार गेली तर तिथंच लावून मिळते. म्हणजे हे मशीन कोल्हापुरात कधी अडून बसणार नाही, आणि मला ही गोष्ट फार मोठी वाटते, कारण आपल्या गावात हाताला हुन्नर असलेली माणसं गल्लोगल्ली असताना आपण न उघडता येणारा डबा का घ्यायचा.

वायरचं वाईट ते उघड आहे, वायर. ती पानांत लपते आणि स्वतःच्याच पात्याखाली येते. मी हे होताना बघितलंय, ठिणगी उडाली, माणूस सुखरूप राहिला, पण त्या दिवसापासनं मी कुणालाही वायरचं मशीन सुचवताना पुढच्या चार गोष्टी सांगितल्याशिवाय सोडत नाही. पहिली, घरात ईएलसीबी किंवा आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की लाईट तोडणारा स्विच, आहे का ते बघा, ३० मिलिअँपिअरचा, टेस्टचं बटण असलेला. नुसत्या एमसीबीवर विसंबू नका काकू, एमसीबी घराच्या वायरिंगला वाचवतो, लोड वाढला किंवा शॉर्ट झालं की पडतो, माणसाच्या अंगातनं करंट गेला तर तेवढ्याशा करंटनं तो पडत नाही. ते काम आरसीसीबीचं. नसेल तर मशीनच्या आधी तो बसवून घ्या, १० हजारांतले पैसे आधी तिकडं जाऊ देत, त्याचा उपयोग गिझरला पण होतो, वॉशिंग मशीनला पण.

दुसरी, एक्स्टेंशनची वायर रंगीत घ्या, पिवळी किंवा नारंगी, हिरवी-काळी घेऊच नका, पानांत दिसत नाही. ५०० वॅटला करंट लागतो जेमतेम सव्वादोन अँपिअर, तेवढ्याला बारीक वायर पण चालली असती, पण ती अंगणात फरफटत जाणार, दगडावर घासणार, म्हणून जाड आवरणाची दीड स्क्वेअर एमएम वाली तीन कोरची तांब्याची घ्या, आणि वापरताना पूर्ण उलगडून वापरा, गुंडाळी तशीच ठेवून नाही. मध्ये कुठं टेप मारलेला जोड नको. तिसरी, वायर खांद्यावरनं मागं टाकायची आणि पॉइंटच्या बाजूनं सुरू करून लांब लांब जायचं, म्हणजे वायर कायम तुमच्या पाठीमागं राहते. चौथी, तरी चुकून वायर कापली गेलीच तर वायरीला हात न लावता आधी भिंतीवरचं बटण बंद करून प्लग काढायचा. आणि पाऊस पडत असताना किंवा कुंपण ओलं असताना हे मशीन चालवायचंच नाही.

मशीनला दोनच पिन दिसल्या तर बिचकू नका, त्यावर चौकोनात चौकोन अशी खूण असते, म्हणजे आतनं दुहेरी इन्सुलेशन आहे, त्याला अर्थिंग लागत नाही.

बॅटरीवाल्यात ही वायरची सगळी भानगड नाही हे मी मनापासून मान्य करतो, आणि पैशांचा प्रश्न नसता तर तुमच्या वयाला मी चांगल्या कंपनीचं बॅटरीचंच सुचवलं असतं. लाईट गेली तरी चालतं, ओढाताण नाही, आवाज कमी. पण मुलगा जे निम्म्या किमतीत दाखवतोय ते घेऊ नका. त्याचं कारण माझ्याच घरातलं आहे. मी एकदा असंच ऑनलाइन एक स्वस्तातलं घेतलं, पहिल्या वर्षी मस्त चाललं, दुसऱ्या पावसाळ्यानंतर बॅटरी चार्जच धरेना. बॅटरी बदलायला गेलो तर त्या नावाची वस्तूच कुठं मिळेना, दुसऱ्या कुणाची त्याच्यात बसेना. मशीन नव्यासारखं आणि उपयोग शून्य. बॅटरीच्या मशीनमध्ये खरी वस्तू बॅटरी असते, मशीन तिच्याभोवतीचं खोकं, म्हणून ५ वर्षांनी ती बॅटरी या गावात मिळेल का हा प्रश्न आधी विचारायचा.

मुलाला दोन गोष्टी समजावून सांगा. १८ व्होल्ट आणि २० व्होल्ट मॅक्स यात काही फरक नसतो, आत तेच पाच सेल, पूर्ण चार्ज असताना २० मोजतात आणि चालताना १८, म्हणजे २० बघून जास्त पैसे द्यायचे नाहीत. आणि किंमत बघताना ती नुसत्या बॉडीची आहे की बॅटरी-चार्जरसकट आहे ते वाचायचं, कारण बऱ्याच वेळा फोटोत बॅटरी लावलेली असते आणि डब्यात येत नाही. अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत साठा किती मावतो, ते पण बघायचे, १८ व्होल्ट २ अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे ३६ वॅट-अवर, ४ ची म्हणजे बरोबर दुप्पट. तुमचं ५० फूट एका दमात व्हायचं तर ४ ची हवी, २ वर मध्ये थांबून चहा घ्यावा लागेल. एक शक्यता मात्र तपासा, मुलाकडं किंवा पुतण्याकडं एखाद्या चांगल्या कंपनीचं बॅटरीचं ड्रिल आधीच असेल तर त्याच कंपनीच्या त्याच व्होल्टच्या ट्रिमरला तीच बॅटरी बहुतेक चालते, मग नुसती बॉडी घेऊन काम भागतं आणि माझं सगळं गणित बदलतं. तसं असेल तर डोळे झाकून बॅटरीचं घ्या.

नसेल, तर माझं उत्तर वायरचं, ४५ किंवा ५० सेंटीमीटर पातं, १६ ची फट, ३ किलोच्या आसपास, बॉश, माकिटा, ब्लॅक अँड डेकर असल्या जिचे पार्ट मिळतात अशा कंपनीचं. शाहूपुरी-लक्ष्मीपुरीकडं टूल्सच्या दुकानांत एक चक्कर मारा, आणि काकांना नाही, तुम्ही स्वतः जा. मशीन हातात घेऊन उभ्या राहा, आडवं धरा, मग पातं उभं करून धरा, कारण बाजू छाटताना तसंच धरायचं असतं. दोन्ही हातांनी दाबल्याशिवाय चालू होत नाही ना ते बघा, चांगल्या मशीनला दोन स्विच असतात, पुढच्या आणि मागच्या दांड्याला, एक जरी हात सुटला तरी बंद. बंद केल्यावर पाती लगेच थांबतात का ते बघा, सरकत राहिली तर नको. पुढच्या हातासमोर आडवी ढाल असते ती पाहिजेच. आणि मागचं हँडल तुमच्या बोटांत पूर्ण मावतं का ते बघा, बायकांच्या हाताला बरीच हँडलं जाड होतात आणि दुकानात हे कुणी विचारत नाही. पक्कं बिल घ्या, सर्व्हिस कोल्हापुरात होणार की पुण्याला पाठवावं लागणार ते बिल करायच्या आधी विचारा.

चालवताना सुती साडी असो नाहीतर ड्रेस, पदर-ओढणी घट्ट खोचलेली, पायात बूट, डोळ्याला साधा पारदर्शक चष्मा कामाचा मिळतो तो. सुरू करायच्या आधी काठीनं कुंपण बुडातनं वरपर्यंत झोडपून घ्या, आपल्याकडं पावसाळ्यात आत काय बसलेलं असेल सांगता येत नाही, साप, गांधीलमाशीचं पोळं. आणि हळूच फांद्या बाजूला करून घरटं नाही ना ते बघा, बुलबुलाला आणि शिंपी पक्ष्याला असली दाट कुंपणं फार आवडतात. घरटं दिसलं तर तेवढा तीन फुटांचा तुकडा सोडून द्या, पिल्लं उडून जाईपर्यंत कुंपण थोडं वाकडं दिसलं म्हणून काही बिघडत नाही.

बाजू छाटताना खालनं वर जायचं, म्हणजे कापलेलं बाहेर पडतं आणि पुढचं दिसतं. कुंपण बुडाला रुंद आणि माथ्याला जरा निमुळतं ठेवा, तीनचार बोटांचा फरक, तेवढ्यानं खालच्या पानांना ऊन मिळतं आणि बूड परत पोकळ होत नाही. हे आपल्याकडं फार कमी जण करतात, सगळी कुंपणं वर फुगलेली आणि खाली टकली. माथा सगळ्यात शेवटी. दोन टोकांना काठ्या रोवून साडेचार फुटांवर सुतळी ताणून बांधायची आणि तिच्या बोटभर वरनं मशीन न्यायचं. सुतळी बांधणं, वायर मागं धरणं, लांबनं बघून वर-खाली सांगणं, हे काम काकांचं, आणि ते काम मशीन धरण्याइतकंच महत्त्वाचं आहे हे त्यांना माझ्यातर्फे सांगा.

वर्षाचं वेळापत्रक म्हणाल तर जूनमधल्या त्या मोठ्या कापणीनंतर जुलैचा जोर असेपर्यंत हात लावू नका, तसंही कुंपण वाळणार नाही. ऑगस्टमध्ये चांगली उघडीप मिळाली, सलग दोन दिवस ऊन पडलं, की गणपतीच्या आधी पहिला हलका हात फिरवा. दसऱ्याला दुसरा. पुढं दीडदोन महिन्यांतनं एकदा, ड्युरांटाला थोडं लवकर लागतं कारण ते पावसानंतर फार पळतं. फुटवा चार बोटांचा झाला की छाटायचं, हातभर वाढू द्यायचं नाही, मग मशीनला पण सोपं आणि तुम्हाला पण.

बोगनवेलीला हे मशीन लावू नका. लाकूड जाड, काटे वाकडे, आणि कापलेली फांदी अंगावर येते. पाऊस संपला की लांब दांड्याच्या कात्रीनं तिच्या फांद्या आखडून घ्या, जाड हातमोजे घालून, फुलं नव्या फुटव्यावर येतात त्यामुळं हिवाळ्यात भरून येईल.

काम झालं की प्लग काढून, प्लग काढूनच, पाती रॉकेल नाहीतर डिझेलच्या बोळ्यानं पुसा, मेंदीचा चीक वाळून बसला की धार असून मशीन अडखळतं. मग शिलाई मशीनचं तेल दोन थेंब पात्यावर सोडून क्षणभर चालवा आणि कव्हर घालून घरात ठेवा, बाहेरच्या जिन्याखाली नाही. फांदी मध्ये अडकली तरी तेच, आधी प्लग, मग हात.

ड्युरांटाचं छाटलेलं, विशेषतः ती पिवळी फळं, गाईम्हशींपुढं किंवा शेळीपुढं टाकू नका, विषारी असतात, गल्लीतल्या लहान पोरांना पण सांगून ठेवा. मेंदीची कोवळी पानं मात्र वेगळी काढून सावलीत वाळवा. गणपतीच्या आधीच्या छाटणीला एवढी निघतील की गौरी येईपर्यंत अख्ख्या गल्लीच्या पोरींच्या हाताला पुरतील.